शितावरून भाताची परीक्षा

मुलांनो, दहावीचा शेवटचा पेपर संपला की पहिले चार दिवस कसे झकास जातात, नाही? सकाळी उशिरा उठायचं, पुस्तकांकडे ढुंकूनही बघायचं नाही, दुपारभर पत्ते कुटायचे. पाचव्या दिवशी मात्र घरी कुणीतरी पाहुणे येतात. आई चहाचं आधण ठेवते आणि पाहुणे तुमच्याकडे वळून विचारतात, "काय मग, पुढे काय?"

हा प्रश्न लग्नाच्या मांडवात भेटतो, एसटीच्या रांगेत भेटतो, पिठाच्या गिरणीतही भेटतो. विचारणाऱ्याला उत्तराची तशी घाई नसते. चहा येईपर्यंत काहीतरी बोलायचं म्हणून ते विचारतात. पोटात गोळा येतो तो तुमच्या!

या सदरासाठी आलेल्या पत्रांत दहावीतल्या एका मुलीचं पत्र आहे. ती लिहिते, "बाई, मी सगळ्यांना 'डॉक्टर होणार' असं सांगते. डॉक्टर म्हटलं की लोक 'वा, वा' म्हणतात आणि पुढचे प्रश्न बंद होतात. खरं तर मला काहीच ठरवता येत नाही. वर्गात सगळ्यांचं ठरलंय. माझ्यातच काही कमी आहे का?"

अगं, काहीही कमी नाही. आणि वर्गात सगळ्यांचं ठरलंय, हेही फारसं मनावर घेऊ नकोस. त्यातल्या बऱ्याच जणांनी तुझ्यासारखंच एक उत्तर पाठ करून ठेवलं असणार!

जरा हिशेब करून बघा. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलानं जवळून पाहिलेली कामं असतात तरी किती? शिक्षक, डॉक्टर, दुकानदार, शेतकरी, कंडक्टर, बँकेतले साहेब, पोलीस. घरात आई-बाबा करतात ते काम. संपली यादी. बाकीची सगळी कामं आपण टीव्हीवर आणि मोबाइलवर बघतो, तीही पाच-दहा मिनिटं. जे पाहिलंच नाही, ते आवडतं की नाही हे कुणी कसं सांगावं? म्हणून "माझं ठरलं नाही" याचा खरा अर्थ बहुतेक वेळा इतकाच असतो, की "मी अजून पाहिलं नाही." आणि त्यावर औषध आहे. पाहायला लागायचं!

आजी भात शिजला की नाही हे कसं बघते? सगळं पातेलं थोडंच खाते? एक शीत काढते, दोन बोटांत दाबते आणि सांगते, "अजून पाच मिनिटं." आपणही तेच करायचं. अर्ज भरण्याआधी प्रत्येक पातेल्यातलं एकेक शीत काढून बघायचं.

वेळही हाच आहे बरं का. परीक्षा मार्चमध्ये संपते, निकाल मे महिन्यात लागतो. मधले दोन महिने कुणाचेच नसतात. निकाल लागला की मात्र एकच धावपळ. २०२५ सालापासून अकरावीचा प्रवेश साऱ्या महाराष्ट्रात एकाच ऑनलाइन पद्धतीनं होतो. त्याआधी ही पद्धत मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती अशा मोठ्या शहरांपुरती होती. आता खेड्यातल्या मुलालाही अर्जात शाखा आणि कॉलेजांचे पसंतीक्रम भरावे लागतात. मग सायबर कॅफेच्या बाकावर बसून, मागे रांग उभी असताना, मित्रानं सायन्स टाकलं म्हणून आपणही सायन्स टाकतो. दोन वर्षांचा निर्णय दोन मिनिटांत!

त्याचं पुढे काय होऊ शकतं, ते सांगते. माझ्याकडे चौथीला असलेला एक मुलगा. हुशार आणि अबोल. दहावीला त्याला ८८ टक्के पडले. ८८ टक्के म्हणजे सायन्सच, असं घरच्यांनी धरलं, शेजाऱ्यांनी धरलं आणि त्यानंही धरलं. कुणी कुणावर जबरदस्ती केली नाही. दुसरं काही असतं, असा विचारच कुणाच्या डोक्यात आला नाही. अकरावीच्या दिवाळीनंतर हा मुलगा रोज सकाळी डबा घेऊन घरातून निघायचा आणि तालुक्याच्या एसटी स्टँडवर बसून राहायचा. संध्याकाळी परत. असे तीन महिने! कळल्यावर आईनं विचारलं, "अरे, सांगायचं नाहीस का?" तो म्हणाला, "क्लासची फी भरली होती ना."

पुढे त्यानं कॉमर्सला नाव घातलं आणि तिथे तो रमला. एक वर्ष गेलं. वर्ष जाण्याचं मला एवढं काही वाटत नाही, ते भरून निघतं. पण तीन महिने तो पोरगा त्या बाकावर एकटा बसला होता, त्याचं वाटतं. ते कुणाच्याच वाट्याला येऊ नये, म्हणून आजचा हा सगळा खटाटोप.

तर चला, शितं काढू या.

पहिलं शीत पुस्तकाचं. ओळखीच्या ताई-दादाकडून अकरावीची पुस्तकं आठ दिवसांसाठी मागून आणा. नाही मिळाली तर ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर ती फुकट वाचता येतात. तीन शाखांची तीन पुस्तकं घ्या. सायन्सचं भौतिकशास्त्र किंवा जीवशास्त्र, कॉमर्सचं पुस्तपालन किंवा अर्थशास्त्र, आर्ट्‌सचं इतिहास, मानसशास्त्र किंवा समाजशास्त्र. प्रत्येकातला एकच धडा, रोज अर्धा तास, तीन दिवस. पाठ करायचं नाही, प्रश्नोत्तरं लिहायची नाहीत. फक्त वाचायचं आणि स्वतःकडे लक्ष ठेवायचं. पान आपोआप उलटलं, की घड्याळाकडे बघून उलटलं?

सगळं कळलं पाहिजे असं मुळीच नाही. नवीन विषय पहिल्यांदा अवघड वाटणारच. "कळलं नाही, पण पुढे काय असेल बरं?" असं वाटलं का, एवढंच बघा. वाटलं असेल तर वहीत त्या विषयापुढे एक टिंब द्या.

दुसरं शीत माणसाचं. एक दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत तुम्ही ज्यांच्या ज्यांच्या कामाचा उपयोग केलात, त्यांची यादी करा. दूध आलं. ते डेअरीत कुणी तपासलं? नळाला पाणी आलं. ते शुद्ध कुणी केलं? एसटी डेपोतून निघाली. तिचं इंजिन कुणी बघितलं, वेळापत्रक कुणी आखलं? औषधाची गोळी, वर्तमानपत्र, चष्मा, पाठ्यपुस्तकातलं चित्र, मोबाइलमधला नकाशा. सात-आठ कामांची यादी संध्याकाळपर्यंत पन्नासावर जाते की नाही बघा! या प्रत्येक कामामागे काही ना काही शिक्षण आहे.

यातल्या भेटू शकतील अशा दोन-तीन माणसांना गाठा. "तुमचं काम चांगलं आहे का?" असं मात्र विचारू नका. त्याला सगळे "हो, हो, चांगलं आहे," किंवा "या लाइनमध्ये काही राम नाही राहिला," यांपैकी एक उत्तर देतात. तीन साधे प्रश्न विचारा. काल सकाळपासून संध्याकाळपर्यंत तुम्ही नेमकं काय काय केलंत? यातलं सगळ्यात कंटाळवाणं काम कोणतं? हे शिकायला किती वर्षं आणि साधारण किती पैसे लागले? उत्तरं वहीत लिहा. आणि एकाच कामातली निदान दोन माणसं भेटा. एक कंटाळलेला असू शकतो, दुसरा नुकताच लागलेला असू शकतो. दोघांचं ऐकलं की खरं चित्र दिसतं.

तिसरं शीत हातानं करून बघण्याचं. हे सगळ्यात महत्त्वाचं. दुरून डोंगर साजरे असतात, जवळ गेल्यावर दगड लागतात. काहींना ते दगडही आवडतात. पण हे कळायला जवळ तर जायला हवं!

मी डी.एड. करत होते तेव्हा आम्हांला सरावपाठ घ्यायला खऱ्या शाळेत पाठवत. तोवर आमच्या तुकडीत सगळ्यांनाच शिक्षिका व्हायचं होतं. खऱ्या वर्गात चाळीस पोरांचा गलका ऐकला, कुणी रडतंय, कुणाला शूला जायचंय, कुणी पेन्सिल नाकात घातलीये, आणि दोन-तीन मैत्रिणींच्या लक्षात आलं, की आपल्याला खडू आणि फळा आवडत होता, पोरांचा गलका नाही! मला मात्र त्या गलक्यातच मजा वाटली. पाठाची टाचणं काढायचा कंटाळा यायचा, पण वर्गात पाऊल टाकलं की तो पळून जायचा.

तुम्हांला सुट्टीत करता येतील असे काही सरावपाठ सांगते.

सायन्स कसं वाटतं ते बघायचंय? अंगणात एक सरळ काठी उभी करा आणि रोज दुपारी बारा ते एकच्या दरम्यान तिची सगळ्यात छोटी सावली मोजून वहीत लिहा. मे महिन्यात आपल्याकडे एक दिवस असा येतो, की भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि सरळ काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. हा शून्य सावलीचा दिवस. कोल्हापूरकडे तो मेच्या पहिल्या आठवड्यात येतो, पुण्याला १३-१४ मेच्या सुमारास आणि नागपूरला २६ मेच्या सुमारास. दक्षिणेकडून उत्तरेकडे तो असा सरकत का जातो? आठवडाभर रोज उन्हात उभं राहून मोजमाप करताना तुम्हांला हा प्रश्न छळायला लागला, तर समजा की शीत शिजतंय.

कॉमर्स? ओळखीच्या किराणा दुकानात किंवा घरच्या दुधाच्या धंद्यात आठ दिवस जमाखर्च लिहा. रोज रात्री गल्ल्यातली रक्कम आणि वहीतली रक्कम जुळवा. एक दिवस बावीस रुपये कमी भरतील. ते कुठे गेले, हे शोधल्याशिवाय झोप लागली नाही, तर हिशेबाची गोडी तुमच्यात आहे म्हणायची. "जाऊ दे ना, बावीसच तर आहेत," असं वाटलं, तर तेही वहीत लिहा.

आर्ट्‌स? आपल्याकडे १९७२ साली फार मोठा दुष्काळ पडला होता. गावातल्या किंवा वाड्यातल्या तीन म्हाताऱ्या माणसांना त्या वर्षाबद्दल विचारा. तेव्हा काय खाल्लं, पाणी कुठून आणलं, खडी फोडायला कोण कोण गेलं. तिघांच्या सांगण्यात फरक पडेल. एक म्हणेल लाल मिलो ज्वारी मिळायची, दुसरी म्हणेल तीही मिळत नव्हती. मग खरं काय? दोघांच्या सांगण्यात फरक का पडला? हे शोधावंसं वाटणं म्हणजेच इतिहास आणि समाजशास्त्र. सनावळ्या पाठ करणं हा त्यातला अगदी छोटा भाग!

कॉम्प्युटर आवडतो म्हणता? मोबाइल वापरायला सगळ्यांनाच आवडतो. स्क्रॅच नावाची मुलांसाठीची मोफत प्रोग्रॅमिंगची भाषा आहे, तिच्यात एक साधा खेळ स्वतः तयार करा. मांजर भिंतीतून आरपार जाईल, चूक सापडणार नाही, दीड तास जाईल. त्या दीड तासात तुम्हांला काय वाटलं, ते महत्त्वाचं.

गावच्या वायरमनकाकांबरोबर, मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात, शिवणाऱ्या मावशींकडे, पंचायतीच्या कचेरीत, कुठेही चार दिवस जाऊन बसता येतं. घरच्यांना सांगून जायचं, मोठ्यांची परवानगी घ्यायची, विजेला किंवा यंत्राला हात लावायचा नाही आणि मध्ये मध्ये लुडबुड करायची नाही. एवढं पाळलंत तर बहुतेक जण हसून "ये बस" म्हणतात.

माझ्या एका विद्यार्थिनीला कुत्री-मांजरी फार आवडत. म्हणून तिला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. नववीच्या सुट्टीत ती आपल्या काकांबरोबर सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चार दिवस गेली. तिथे कुत्री-मांजरी थोडी, गाई-म्हशीच जास्त. एका गाईचं वासरू अडलं होतं. डॉक्टरांनी खांद्यापर्यंत हात घालून ते बाहेर काढलं. वास, शेण, रक्त! घरी आल्यावर आईनं विचारलं, "काय, गेली ना हौस?" ती म्हणाली, "वास आला. मळमळलं पण. कंटाळा नाही आला."

मुलांनो, हे वाक्य लिहून ठेवा. त्रास होणं वेगळं आणि कंटाळा येणं वेगळं. कोणत्याही चांगल्या कामात त्रास आहेच. पण ज्या कामात त्रास होऊनही कंटाळा येत नाही, ते काम आपलं असण्याचा संभव मोठा. आणि जिथे काहीच त्रास नाही तरी जांभया येतात, तिथून वेळीच उठलेलं बरं.

आजी आणखी एक गोष्ट करते, बघितलंय का? शीत काढण्याआधी ती पातेलं जरा ढवळते. वरचा भात शिजलेला असतो आणि तळाचा करपलेला असू शकतो! आपणही कामातला फक्त झगमगीत भाग बघायचा नाही. वकिलाचं कोर्टातलं भाषण बघाल तर त्याआधी रात्री वाचलेली कागदांची चवड पण बघा. क्रिकेटचं समालोचन ऐकाल तर आकडे टिपत दिवसभर बसणारा माणूसही बघा.

आता दरवाजांविषयी. शाखा निवडताना कोणते दरवाजे बंद होतात आणि कोणते उघडे राहतात, हे आधी माहीत हवं. बारावीला गणित नसेल तर इंजिनिअरिंग आणि आर्किटेक्चरची वाट अडते. जीवशास्त्र नसेल तर नीट परीक्षा अडते, आणि नीट अडली की एमबीबीएस, दंतवैद्यक, आयुर्वेद, जनावरांचे डॉक्टर हे सगळं अडतं. विषय मागाहून वाढवता येतो, पण वळसा लांबचा पडतो. फार्मसीला आणि शेतीच्या पदवीला भौतिक-रसायनशास्त्राबरोबर गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एक असलं तरी चालतं. एनडीएमध्ये लष्करासाठी कोणतीही शाखा चालते. हवाई दल आणि नौदलासाठी मात्र भौतिक, रसायन आणि गणित हवं. आणि मुलींनो, २०२२ पासून एनडीएत मुलीही शिकायला जातात बरं का!

दुसऱ्या बाजूला काही दरवाजे सगळ्यांना उघडे असतात. बारावीनंतरचा पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम कोणत्याही शाखेनंतर करता येतो. सी.ए. व्हायला कॉमर्सच हवं असं नाही. भाषा, मानसशास्त्र, पत्रकारिता हेही तसंच. स्पर्धा परीक्षांना तर पदवी लागते, ती कुठल्याही विषयाची असो.

आणि अकरावी म्हणजेच शिक्षण, असंही नाही. दहावीनंतर पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा आहे. तो झाला की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. आयटीआयचे ट्रेड एक किंवा दोन वर्षांचे असतात. दोन वर्षांचा ट्रेड केलेल्या मुलाला पुढे डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. म्हणजे फिटर झालेला मुलगा चिकाटी असेल तर इंजिनिअरही होतो. "आयटीआयला गेला" हे नाक मुरडून बोलणाऱ्याला ही वाट बहुधा ठाऊक नसते.

इथे कुणी हमखास म्हणतं, "काही ठरत नाही ना? मग सायन्स घे. सगळे दरवाजे उघडे राहतात." कागदावर हे बरोबर आहे. सायन्सवाल्याला कॉमर्स-आर्ट्‌सकडे वळता येतं, उलट वळणं अवघड. पण दरवाजा उघडा असून उपयोग काय, पायात चालायचं बळच उरलं नाही तर? दोन वर्षं नकोशा विषयांशी झगडून मार्क घसरले, आत्मविश्वास गेला, तर उघडे दरवाजे नुसते बघत बसावे लागतात. म्हणून माझं सांगणं असं, की आधी वहीतली टिंबं मोजा. दोन शाखांची टिंबं सारखी भरली, तरच जास्त दरवाजे उघडे ठेवणारी शाखा घ्या.

बरं, एकदा ठरलं की जन्मभर तेच का? मुळीच नाही. पक्ष्यांचे अभ्यासक डॉ. सालिम अली तरुणपणी मुंबईत सकाळी दावर्स कॉलेजात व्यापारी कायदा आणि हिशेब शिकत आणि मग सेंट झेवियर्स कॉलेजात प्राणिशास्त्राच्या वर्गाला जाऊन बसत. दोन्ही पातेल्यांतली शितं एकाच वेळी! 'युगान्त' लिहिणाऱ्या इरावती कर्वे यांनी फर्ग्युसन कॉलेजातून १९२६ साली पदवी घेतली ती तत्त्वज्ञानाची. मग त्या समाजशास्त्राकडे वळल्या आणि पुढे मानवशास्त्रात त्यांनी मोठं काम केलं. वेंकटरामन रामकृष्णन यांनी १९७१ साली बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून भौतिकशास्त्राची पदवी घेतली, अमेरिकेत त्याच विषयात पीएच.डी. मिळवली आणि त्यानंतर पुन्हा विद्यार्थी होऊन ते जीवशास्त्र शिकायला बसले! २००९ साली त्यांना आणखी दोघांबरोबर नोबेल पारितोषिक मिळालं, ते कशाचं? रसायनशास्त्राचं!

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणामुळे आता पदवीला मुख्य विषयाबरोबर दुसऱ्या विद्याशाखेतला एखादा विषयही घेता येतो. म्हणजे वळायला थोडी जागा ठेवलेली आहे. पण ही सगळी माणसं वळू शकली, कारण ती डोळे उघडे ठेवून चालत होती. डोळे मिटून चालणाऱ्याला वळण दिसतच नाही.

आता दोन शब्द आई-बाबांशी. पालकहो, तुमची काळजी मला समजते. मीही पगाराच्या तारखेकडे डोळे लावणारी बाई आहे. क्लासची फी, वसतिगृह, येण्याजाण्याचा खर्च, हे प्रश्न खरे आहेत आणि ते मुलांपासून लपवू नका. "आपल्याला वर्षाला एवढे झेपतील," असं एकदा शांतपणे सांगा. सोळा वर्षांच्या मुलाला आकडे समजतात. त्याला न सांगता कर्ज काढलं, तर ते ओझं मात्र त्याला न सांगताही कळतं. मग तो तुमच्याशी बोलेनासा होतो. त्याचबरोबर सवलतींचीही नीट चौकशी करा. उदाहरणार्थ, २०२४-२५ पासून राज्य सरकारनं मुलींसाठी एक सवलत सुरू केली. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल, तर इतर मागास प्रवर्ग, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक आणि सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्गातल्या मुलींना शासकीय प्रवेशप्रक्रियेतून मिळालेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. पैशांपायी मुलीचं नाव मागे घेण्याआधी हे विचारून घ्या.

आणि एक विनंती. सुट्टीत मुलाला "काय होणार?" असं विचारू नका. "आज काय बघून आलास?" असं विचारा. पहिल्या प्रश्नाला तो खोटं उत्तर देईल, दुसऱ्याला गोष्ट सांगेल. त्या गोष्टीत त्याचा आवाज कुठे चढतो, ते ऐका. कलचाचणीचा कागद जे सांगतो, त्याच्याइतकंच ते मोलाचं असतं. शेजाऱ्यांना काय सांगायचं, हा प्रश्न पडला तर बेलाशक सांगा, "आमची मुलगी सध्या बघतेय." यात कमीपणा कसला?

मुलांनो, तुम्हीही आई-बाबांना एक गोष्ट द्यायची. ती म्हणजे पुरावा. "मला सायन्स नको," एवढं म्हणून दार आपटलं तर वाद होतो. "मी तीन शाखांचे धडे वाचले, चार माणसांना भेटलो, दुकानात आठ दिवस हिशेब लिहिला, ही बघा वही," असं म्हटलंत की बाबा चष्मा लावून वही वाचायला घेतात. ऐकावे जनाचे, करावे मनाचे, असं आपण म्हणतो खरं. पण मनाचं करायचं तर मनाला आधी काहीतरी दाखवायला नको का?

आता गृहपाठ. बाईंचं सदर आणि गृहपाठ नाही, असं कसं होईल? एक शंभर पानी वही घ्या. पहिल्या पानावर तीन रकाने आखा. 'काय बघितलं', 'त्रास झाला का', 'कंटाळा आला का'. रोज एक ओळ, फक्त एकच. नववीतल्यांनीही सुरुवात करायला हरकत नाही, तुमच्या हातात तर एक वर्ष जास्त आहे. बारावीतल्या ताई-दादांनी पदवीच्या विषयांसाठी हेच करावं. अकरावीच्या पुस्तकांऐवजी विद्यापीठाचा अभ्यासक्रम घ्यावा आणि कॉलेजात शिकणाऱ्या कुणाला तरी गाठून "काल दिवसभर काय केलंस?" हेच विचारावं.

तीस ओळी झाल्या की वही घेऊन बसा आणि ज्या ओळींत त्रास आहे पण कंटाळा नाही, त्यांच्याखाली लाल पेन्सिलीनं रेघ मारा. मग त्यातली तुमची सगळ्यात आवडती ओळ मला पोस्टकार्डावर लिहून पाठवा. निवडक ओळी पुढच्या एखाद्या अंकात आपण सगळे मिळून वाचू. अक्षर चांगलं काढा हं, बाईंना चष्मा लागलाय!